हुकुमदाराचा रोल

४ जानेवारी २००४, रविवार

आज आयुष्याला कलाटणी मिळाली. पेपरात पाचव्या पानावर, कांद्याच्या भावाखाली, बातमी आहे. 'तंबू नंबर सात' या गाजलेल्या मालिकेवर सिनेमा येतोय. शूटिंग आमच्या नाशिकहून सिन्नरच्या रस्त्याला, मोहदरी घाटाच्या अलीकडच्या माळावर. बातमी पुन्हा पुन्हा वाचली. माझं नाव कुठेच नाही. पण एवढ्याशा बातमीत सगळ्यांची नावं मावत नाहीत, हे समजू शकतो.

म्हणून ही डायरी. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे शेठ दरवर्षी फुकट देतात आणि माझी बायको आशा तिच्यात इस्त्रीच्या कपड्यांची नोंद ठेवते. यंदा मी ताब्यात घेतली. कोणालाही दाखवणार नाही. इथे खरं तेच लिहीन.

तर खरं असं की, १९८६ साली टीव्हीवर 'तंबू नंबर सात' लागायची तेव्हा रस्ते ओस पडत. देवळालीच्या छावणीतली इंग्रजांच्या काळातली एक बिनकामाची पलटण. कोणाला बंदूक धरता येत नाही, कोणाला डावा-उजवा पाय कळत नाही. त्यातल्या एका भागात सुभेदार रात्री लोटा घेऊन बाहेर जातो आणि परत येताना परवलीचा शब्द विसरतो. पहारेकरी त्याला आत सोडत नाही. सुभेदार शिव्या घालतो, गयावया करतो, गाणं म्हणतो, पहारेकरी प्रत्येक वेळी एकच शब्द बोलतो. हुकुमदार. गोरे शिपाई 'हू कम्स देअर' विचारायचे, त्याचं आपल्या लोकांनी हुकुमदार केलं. पहाटेपर्यंत सुभेदार लोट्यासकट थंडीत उभा. अख्खा महाराष्ट्र हसला.

तो पहारेकरी म्हणजे मी, हिरामण देवरे. लोक अजून सुभेदाराचं नाव काढतात. पण मी पहिल्याच झटक्याला आत सोडलं असतं तर तो भाग दोन मिनिटांत संपला असता, हे कोणी लक्षात घेत नाही.

सिनेमावाले मला शोधत असणार. तयारीत राहायला हवं. उद्यापासून पहाटे पाचला उठून रनिंग.

५ जानेवारी, सकाळी साडेआठ

रेडिओवर सांगितलं, निफाडला पारा चारवर आला. खरा सैनिक हवामान बघून निर्णय घेतो. रनिंग उद्यापासून.

७ जानेवारी

दूध केंद्रापर्यंत पळालो. येताना रिक्षा केली, कारण हातात पिशवी होती.

मिशी वाढवायला घेतली आहे. सुभेदाराला रोखणारा माणूस गुळगुळीत ओठांचा कसा चालेल. आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सटाण्याहून आली आहे. अजून एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाली, हाई मिशी शे का झाडू शे? मी म्हटलं, आई, हे कॅरेक्टर आहे. ती म्हणाली, मग त्याले तेल लाव.

९ जानेवारी

युनिफॉर्म आला. जयराम टेलरने मापं घेताना विचारलं होतं, एसटी का वॉचमन? मी म्हटलं, ब्रिटिश इंडियन आर्मी. त्याने मान डोलावली आणि कंडक्टरचा शिवून दिला. खिशावर तिकिटाच्या पेटीसाठी फीतसुद्धा आहे. बटणं लागतात, फक्त श्वास आत ओढून उभं राहावं लागतं. सैन्यात तसंच उभं राहतात.

पट्टा मात्र अस्सल, १९८६चा. परत करायचा राहून गेला होता. पट्ट्याची भोकं संपली, तेव्हा आशाने खिळा तापवून नवीन पाडलं. तेव्हाची चामड्याची क्वालिटी चांगली होती, पण आखडलंय.

आशाचं सध्या वेगळंच चाललंय. दत्तजयंतीला कॉलनीत तिने ब्रेड रोल केले होते. ब्रेड पाण्यात बुडवायचा, दाबायचा, आत बटाट्याची भाजी भरून वळायचा, पिठात घोळवायचा आणि तळायचा. लोकांनी बोटं चाटली, तेव्हापासून बचत गटाच्या बायकांनी तिला चढवून ठेवलंय की धंदा कर. झेरॉक्सच्या दुकानातून चिठ्ठ्या करून आणल्यात. आशा देवरे, ऑर्डरप्रमाणे ब्रेड रोल मिळतील, खाली आमचा फोन नंबर. डब्यांच्या झाकणांवर चिकटवत बसली होती. एका घरात एक कलावंत पुरे, असं मी सौम्यपणे सांगितलं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

११ जानेवारी, रविवार

स्वतःच गेलो. किती दिवस त्यांना शोधायला लावायचं.

युनिफॉर्म घालून सिन्नरच्या बसमध्ये बसलो. बसलो न बसलो तोच एका बाईने शिंदे गावचं दीड तिकीट मागितलं. मी कंडक्टर नाही म्हटलं. ती म्हणाली, मग पैसे कोणाला द्यायचे? मागून कोणीतरी म्हणालं, साहेबांची ड्यूटी संपली असेल, सोडा त्यांना. एका म्हाताऱ्याने उतरायच्या वेळी मला बेल मारायला सांगितली. मारली. वयस्कर माणूस होता. खरा कंडक्टर सिन्नर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी आधीच उतरायला हवं होतं, ते बेलच्या भानगडीत राहून गेलं. सिन्नरहून उलटा जीपने आलो.

माळावर छावणी उभी आहे. तंबू ओळखीचे वाटले. गेल्या वर्षी कुंभमेळ्यात साधुग्राममध्ये हेच होते, एकावर आखाड्याचं नाव अजून पुसट दिसतं. असिस्टंट डायरेक्टर म्हणून हर्षाली नावाची मुलगी आहे, मुंबईची, कानाला वॉकीटॉकी. तिने नाव विचारलं. मी कडक उभा राहून म्हटलं, हुकुमदार. तिने 'मिस्टर हुकुमदार' असं लिहून घेतलं. मालिका आली तेव्हा ती बालवाडीत होती म्हणे, तिचा दोष नाही. सगळ्यांची निवड मुंबईत झाली आहे, पण बघू, असं म्हणाली. या लाइनमध्ये 'बघू' या शब्दाला फार वजन असतं.

युनिटचं जेवण आलेलं नव्हतं. आशाने वाटेत खायला मोठा डबा भरून रोल दिले होते, ते मी उदारपणे उघडले. माणसं तुटून पडली. मी वाढता वाढता त्यांना सुभेदाराचा किस्सा सांगितला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर खिळल्या होत्या, साधारण माझ्या हातांच्या भागावर. हर्षालीने दोन खाल्ले आणि म्हणाली, कमाल आहे. मी विनयाने मान खाली घातली.

फोन नंबर द्यायचा विसरलो. काही बिघडत नाही. हवा असलेला माणूस ते बरोबर शोधतात.

१२ जानेवारी

आशाची सकाळपासून चिडचिड. डबा तिथेच राहिला. तिच्या माहेरचा, निफाडचा, त्यावर तिचं नाव घातलेलं. मी समजावलं की माणसाने मोठ्या कामात लहान गोष्टी सोडून द्यायला शिकावं. ती म्हणाली, तुमचा पट्टा तुम्ही अठरा वर्षं सोडला नाही.

मुद्दा वेगळा आहे. तिला कळणार नाही.

१३ जानेवारी, संध्याकाळी

आला. फोन आला.

मी ऑफिसात होतो, आशा बाजारात. आईने घेतला. मी घरी पाय ठेवताच म्हणाली, फोन उना व्हता. एक पोर बोलनी. त्यास्ले रोल भलता आवडना.

मी खुर्चीवर बसलो. मग शब्द न् शब्द विचारून घेतला. आई म्हणाली, सोमवारपाईन लागी. पक्का शे. मी म्हटलं, रोलबद्दल आणखी काही सूचना? आई आठवून आठवून सांगत होती. लहान ऱ्हायना तरी चाली. तिखट जरा कमी. पन गरम पाहिजे म्हने.

सगळा विचार केला. लहान रोल, त्याला माझी हरकत नाही. तेव्हा तरी कुठे मोठा होता. तिखट कमी म्हणजे पहारेकऱ्याचा स्वभाव थोडा मवाळ ठेवायचा, आजकालच्या पब्लिकला तसंच आवडतं. पण गरम, म्हणजे आतून धग हवी. डायरेक्टर अभ्यासू दिसतो. मी तिथे अभिनय केलासुद्धा नाही, नुसता उभा राहून वाढत होतो, तरी त्यांनी रोल ओळखला.

आईला बजावलं, कोणालाही सांगायचं नाही. खाली पुंजाभाऊच्या किराणा दुकानात जाऊन मी स्वतःच सांगून आलो, म्हणजे उगाच चुकीची बातमी पसरायला नको.

१४ जानेवारी

आशाने आईला काहीतरी विचारलं, मग बराच वेळ फोनवर कोणाशी तरी बोलत होती. फोन ठेवला तेव्हा चेहरा लाल झाला होता. तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. माझा आनंद तिला झेपत नाहीये.

मग बाहेर येऊन म्हणाली, अहो, जरा बसा, तो रोल आहे ना. मी म्हटलं, लहान आहे, मला माहीत आहे. ती म्हणाली, तसं नाही, तो रोल म्हणजे. मी म्हटलं, गरम हवा, तेही माहीत आहे. तिने कपाळाला हात लावला. मी बाहेर गॅलरीत जाऊन धग आणण्याची प्रॅक्टिस केली. समोरच्या बिल्डिंगमधल्या लताबाईंनी खिडकी लावून घेतली. परिणाम होतोय.

१६ जानेवारी

शेठकडे महिनाअखेरपर्यंत रजा मागितली. बिनपगारी देईन म्हणाले. मी म्हटलं, कलेत पगार बघायचा नसतो. शेठ म्हणाले, ट्रान्सपोर्टमध्ये बघायचा असतो. तरी दिली. निघताना विचारलं, हीरो कोण आहे? मी म्हटलं, ते बघणाऱ्यावर आहे.

पुंजाभाऊ फारच पेटलाय. म्हणाला, लय भारी काम झालं देवरेभाऊ, हिरोईन हाय का तुमच्या सीनला? मी म्हटलं, सीनला फक्त मी, सुभेदार आणि रात्र. तो जरा हिरमुसला. पण रविवारी दुकानासमोर सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. मी नको नको म्हटलं आणि वेळ संध्याकाळची ठेवा असं सुचवलं.

आशा आज पुन्हा म्हणाली, अहो, ऐका ना, माझं काम आहे ते. मी म्हटलं, तुझं काम सोमवारनंतर बघू. तिने मग नाद सोडला. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, बरं, चला तुम्ही पण.

तुम्ही पण, म्हणजे काय, ते कळलं नाही. घाईत बोलते ती.

१८ जानेवारी, रविवार

सत्कार झाला. गळ्यात शाल, मिशीला पीळ, आईने दिलेलं तेल. भाषणात मी म्हणालो की पहारेकरी लहान नसतो, दार लहान असतं. अर्थ काय ते मलाही नीट कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. पुंजाभाऊ रडला. कार्यक्रमानंतर आशाचे रोल वाटले, तेव्हा जास्त टाळ्या पडल्या.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. ब्रेडच्या चळती, बटाट्याचं पोतं, भाड्याची दोन मोठी पातेली. सत्काराला आलेल्यांसाठी एवढं? बायकांना अंदाज नसतो.

झोपताना आशा म्हणाली, पहाटे जीप सांगितलीय, मी येणार आहे. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी बायको बरोबर, बरं दिसत नाही. ती शांतपणे म्हणाली, माझ्याशिवाय रोल होणार नाही.

केवढी श्रद्धा. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी हिच्याकडे कधी नीट लक्ष दिलं नाही.

१९ जानेवारी, पहाटे, जीपमध्ये

अक्षर हलतंय. मांडीवर पातेलं. युनिफॉर्मला पिठाचा डाग पडू नये म्हणून शाल पांघरलीय, सत्काराचीच. एवढी भांडी कशाला, असं विचारलं. आशा म्हणाली, कळेल. मला सरप्राइज देण्याचा बेत दिसतोय.

१९ जानेवारी, संध्याकाळी

गेटवर वॉचमन होता. मी खाली उतरलो, शाल काढली, कडक उभा राहिलो. त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि आशाला विचारलं, रोलवाल्या ताई ना? या या, कधीची वाट बघतायत. मग माझ्याकडे बोट करून, हे कोण? आशा म्हणाली, माझ्याबरोबर आहेत.

आतून हर्षाली ओरडत आली, रोल आले, रोल आले. तिच्या हातात आमचा निफाडचा डबा होता, घासून पुसून. झाकणावरची चिठ्ठी दाखवून आशाला म्हणाली, बरं झालं नंबर होता, नाहीतर कुठे शोधलं असतं तुम्हाला.

त्या क्षणी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती इथे लिहिण्याची गरज नाही.

खरं तेच लिहीन म्हटलं होतं. तर, पातेलं उचलून मी तंबूच्या मागे गेलो, तेव्हा थोडं वाईट वाटलं. थोडं नाही. खूप वाटलं. बटाट्याच्या पोत्यावर बसलो. युनिफॉर्मचं मधलं बटण तुटलं. आशा आली, बटण शोधून पदराच्या टोकाला बांधून ठेवलं.

घरी आल्यावर आईला विचारलं, तू तेव्हाच स्पष्ट का नाही सांगितलंस. आई म्हणाली, मी तर सांगं व्हतं, त्यास्ले रोल आवडना. तू आवडना अशे कोठे सांगं?

मुद्दा बिनतोड आहे.

आता कॉलनीला तोंड कसं दाखवायचं? शाल परत करता येत नाही आणि नारळाची चटणी झाली. शिवाय रजा टाकलेली. पोत्यावर बसल्या बसल्या एक रणनीती सुचली. वरवर रोल वाढायचे. आतून संधीवर नजर ठेवायची. सुभेदाराला रोखायचं तर आधी छावणीत शिरायला हवं, आणि मी शिरलेलो आहे.

२० जानेवारी

संधी आली नाही. चटणी संपली होती, ती वाटली.

सिन्नरहून आलेली पोरं सैनिकांच्या वेशात बसलेली असतात. मला रोलवाले काका म्हणतात. त्यांचे युनिफॉर्म माझ्यापेक्षा चांगले आहेत. एकाने विचारलं, काका, तुम्ही एसटीतून रिटायर झालात का?

२१ जानेवारी

आज तो सीन होता. माझा सीन.

सुभेदार तोच, लोटा तोच म्हणावा असा. पहारेकरी नवीन, पुण्याचा पोरगा, चांगला दिसतो, दंडाला गोळे. मी चहाच्या तंबूमागे ट्रे घेऊन उभा. सगळं शांत झालं. सुभेदार आला, अडखळला, पोराने बंदूक रोखली आणि म्हणाला, पासवर्ड बोल.

पासवर्ड. कॉम्प्युटर चालू करतोय की काय. सुभेदाराने गयावया केली, पोरगा पुन्हा म्हणाला, पासवर्ड. मी स्वतःला आवरत होतो, देवाशपथ आवरत होतो. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून निघालं, हुकुमदार.

आवाज घाटापर्यंत गेला असेल. सुभेदाराच्या हातातला लोटा पडला. दूर एक कुत्रं भुंकायला लागलं. डायरेक्टर साहेब उठून उभे राहिले आणि विचारलं, कोण आहे तो. सगळ्या छावणीने एका सुरात सांगितलं, रोलवाले काका.

मला सेटपासून लांब, पाण्याच्या टँकरजवळ बसायला सांगितलंय. आशाने एकटीने वाढलं. येताना जीपमध्ये, शिंदे गावाजवळ ती म्हणाली, ऑर्डर गेली असती आज. एवढंच. तिने पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं उभं केलं आणि मी ते एका शब्दात पाडणार होतो. हे मला टँकरजवळ सुचलं नव्हतं. तिने म्हटल्यावर सुचलं.

२२ जानेवारी

न जायचं ठरवलं होतं. पण पातेली आशाला एकटीला उचलायची नाहीत, म्हणून गेलो. साध्या शर्टात.

दुपारी हर्षाली टँकरपाशी आली. वाटलं, हाकलणार. तिने विचारलं, काका, काल काय ओरडलात ते. मी सगळं सांगितलं. हू कम्स देअरचं हुकुमदार कसं झालं, आणि एकच शब्द परत परत आला की लोक कसे हसतात. ती म्हणाली, आमच्या लेखकाला वाटलं जुना शब्द कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, तेव्हाही कोणाला कळला नव्हता, म्हणून तर हसले. तिने विचार केला. म्हणाली, मुंबईहून जुनी कॅसेट मागवते, डायरेक्टरना दाखवते.

कॅसेट. माझा चेहरा, माझा आवाज, सगळ्या युनिटसमोर. दिवस फिरले.

मिशीला तेल लावलं. उद्यापासून रनिंग.

२४ जानेवारी

कॅसेट आली. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या तंबूत टीव्ही लावला. सगळे जमले. मला पुढे बोलावून खुर्ची दिली. मी आशालाही बोलावलं, ती पीठ लागलेले हात पुसत दारात उभी राहिली.

सीन सुरू झाला. अठरा वर्षांनी बघत होतो. सुभेदार येतो, त्याचा चेहरा अख्ख्या पडद्यावर. पहारेकरी पाठमोरा. मी वाट बघत होतो की आता वळेल. वळला नाही. अख्ख्या सीनमध्ये पाठ, बंदूक आणि टोपी. मला तर चांगलं आठवतं की मी वळलो होतो.

आणि आवाज माझा नाही.

भारदस्त आवाज आहे, कोणातरी मुंबईच्या माणसाचा. मग आठवलं. त्या दिवशी मला सर्दी झाली होती. डायरेक्टर म्हणाले होते, आवाजाचं नंतर बघू. मी अठरा वर्षं समजत होतो की त्यांनी बघितलं आणि ठेवला.

तंबूत सगळे खो खो हसत होते, सीनला. डायरेक्टर साहेबांनी मांडीवर थाप मारली, म्हणाले, शब्द हाच ठेवायचा. पुण्याच्या पोराकडून लगेच पाठ करून घेतला. मग कोणीतरी विचारलं, काका, यात तुम्ही कुठे? मी पडद्याकडे बोट करायला गेलो आणि हात खाली आला. काय दाखवणार होतो.

तेवढ्यात दारातून आशा म्हणाली, ते काय, कान त्यांचेच आहेत.

सगळ्यांनी बघितलं. आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे. टोपीखालून दोन्ही बाजूंना माझे कान बाहेर आलेले. अगदी माझेच.

येताना जीपमध्ये मी तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली, लग्न ठरलं तेव्हा मालिका पुन्हा लागली होती, माहेरी सगळ्यांनी मिळून बघितली. चेहरा दिसला नाही. तिच्या काकांनी विचारलं, यातला मुलगा कोणता. ती म्हणाली, कान दिसतायत तो. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलंच नाही, सांगतच राहिलात.

मला बाहेर बघत बसावं लागलं. डोळ्यात धूळ गेली. त्या रस्त्याला धूळ फार असते.

३१ जानेवारी

शूटिंग संपलं. रजाही संपली. शेठचा निरोप आला, जागेवर दुसरा माणूस बसवला नाही, या.

पुंजाभाऊला खरं सांगितलं. सगळं नाही. सांगितलं की रोल आमचाच होता, फक्त तळलेला. तो म्हणाला, मग दुकानात रोज ठेवायला द्या ना, शाल फुकट जायला नको.

२७ ऑगस्ट २००४, शुक्रवार

सिनेमा लागला. कॉलनीतल्या सगळ्यांनी एकदम तिकिटं काढली. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय, ती पुढच्या रांगेत, दोन्ही डोळ्यांनी.

तो सीन आला. पोराने बंदूक रोखली आणि म्हणाला, हुकुमदार. थिएटर कोसळलं. दर वेळी कोसळलं. पुंजाभाऊ ओरडला, आमच्या देवरेभाऊंचा शब्द हाय. आजूबाजूच्यांनी त्याला गप्प बसवलं. मी अंधारात ओठ हलवत होतो, प्रत्येक वेळी, पोराच्या अर्धा सेकंद आधी. टायमिंग माझंच बरोबर होतं.

शेवटी नावं वर सरकायला लागली. लोक उठले. मी बसून राहिलो, शेवटपर्यंत बघायचं ठरवलं होतं. हिरामण देवरे आलं नाही. अगदी खाली, जनरेटरवाल्याच्या नंतर आणि तंबूवाल्याच्या आधी आलं. खानपान: आशा देवरे, नाशिक. कॉलनी उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मी सगळ्यात आधी वाजवल्या, असं मला वाटतं. आईने मोठ्यांदा विचारलं, यामा तुन्हं नाव कोठे शे? मी म्हटलं, आई, देवरे आहे ना.

२९ ऑगस्ट, रविवार

डायरी आशाला परत दिली. ऑर्डरी लिहायला तिला हवी होती. तिच्या गेल्या वर्षीच्या इस्त्रीच्या डायरीत काही कोरी पानं शिल्लक आहेत, त्यातल्या एकावर हे शेवटचं लिहितोय.

ठराव. रोज पहाटे पाचला उठायचं. रनिंग नाही, बटाटे उकडायला. मिशी काढली, तेलाचे शिंतोडे उडून टोकं जळत होती. पट्टा पोत्याला बांधायला छान उपयोगी पडतो.

आज सकाळी दारावर थाप पडली. आशाचे हात पिठात, आई पूजेला बसलेली. मी कढईपाशी होतो. तोंडातून सवयीने गेलं, हुकुमदार.

बाहेर डबा वाजला. मग लताबाईंचा आवाज, रोल झाले का?

झालेत म्हटलं, या आत.